गाल आपला की दुसऱ्याचा? ख्रिस्ती शांतिवाद, जरा साध्या भाषेत

इंदूरात राहून युद्धाच्या विरोधात बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे, कारण तासाभरावर महू, तिथे इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, आणि आपल्या मराठी घरांतसुद्धा कोणाचा भाचा नाहीतर कोणाचा जावई फौजेत असतोच, वरून गाव होळकरांचं. त्यामुळे लोकमान्य नगरातल्या आमच्या मंडळात मी सहज बोलता बोलता म्हटलं की ख्रिश्चन लोकांमध्ये असे काही पंथ आहेत जे पिढ्यान् पिढ्या सैन्यात जात नाहीत, बंदूक धरत नाहीत, कोणी मारायला आलं तरी उलटा हात उचलत नाहीत, तर पहिला प्रश्न काय आला असेल ते तुम्हाला कळलंच असेल. "घरात गुंड घुसले, आईच्या गळ्यावर चाकू ठेवला, मग काय करतात तुमचे ते? बायबल वाचून दाखवतात?"

हा प्रश्न आमच्या मंडळातल्या काकांनी शोधून काढलेला नाही. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा कायद्यातच एक सोय ठेवली होती, की ज्याचं मन युद्धाला तयार नाही त्याने तसा अर्ज करावा. सुमारे १६,००० जणांनी नकार दिला. त्यांना ट्रायब्युनलपुढे उभं करायचे आणि समोर बसलेले साहेब लोक अगदी हेच विचारायचे, की जर्मन शिपाई तुझ्या आईवर, बहिणीवर चालून आला तर तू काय करशील? शंभर वर्षं होऊन गेली, प्रश्न तोच आहे, फक्त जर्मन शिपायाच्या जागी गुंड आलाय. आणि प्रश्न चांगलाच आहे, त्यात खोट काही नाही, पण त्याच्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि ते सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

सगळं सुरू होतं ते बायबलातल्या मत्तयच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. डोळ्याच्या बदल्यात डोळा असं तुम्ही ऐकलंय, पण मी सांगतो दुष्टाला अडवू नका, उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसरा गाल पुढे करा, अंगरखा मागितला तर वरचं वस्त्रही द्या, एक मैल चालायला लावलं तर दोन मैल चाला, वैऱ्यांवर प्रेम करा. हे दोन मैलांचं काय, तर रोमन शिपाई रस्त्यात कोणाही गरीब माणसाला पकडून आपलं ओझं मैलभर वाहायला लावू शकत होता, बेगारच ती. म्हणजे येशू हे बोलतोय ते राज्य गमावलेल्या, परक्या फौजेच्या टाचेखाली राहणाऱ्या लोकांशी, सुखवस्तू माणसांशी नव्हे, हे विसरलं की ते प्रवचन गुळगुळीत वाटायला लागतं. काही अभ्यासक म्हणतात की 'उजव्या' गालावर मारायचं म्हणजे उजव्या हाताची उलटी थप्पड, मालक गुलामाला मारतो तशी, आणि दुसरा गाल पुढे केला की उलटी मारता येत नाही, मारायचंच तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागतं, म्हणजे तो एक प्रकारचा निषेधच झाला. मला हा अर्थ आवडतो, पण जरा जास्तच हुशार वाटतो. साधा अर्थही पुरेसा अवघड आहे.

शब्दांपेक्षा जास्त वजन आहे ते त्या शेवटच्या रात्रीला. येशूला पकडायला लोक येतात, पेत्र तलवार काढतो आणि प्रमुख याजकाच्या नोकराचा कान उडवतो. बघा, याच्याहून 'योग्य कारण' कुठलं असणार? निरपराध माणूस, खोटा आरोप, शिष्य आपल्या गुरूला वाचवतोय. आणि येशू त्यालाच दटावतो, तलवार म्यान कर, तलवार धरणारे तलवारीनेच मरतात. लूकने लिहिलंय की त्याने त्या नोकराचा कान बरासुद्धा केला. शांतिवादी ख्रिश्चनांचं सगळं म्हणणं या प्रसंगावर उभं आहे, की इथे नाही चालली तलवार तर मग कुठे चालणार.

आता दुसरी बाजू, कारण तीही त्याच पुस्तकात आहे. येशूने देवळात दोरीचा आसूड करून व्यापारी हाकलले, चौरंग उलथले. त्याच शेवटच्या रात्री जेवणानंतर म्हणाला ज्याच्याकडे तलवार नसेल त्याने वस्त्र विकून घ्यावी, शिष्य म्हणाले या बघा दोन आहेत, तर म्हणाला पुरे (आता दोन तलवारींनी काय रोमन साम्राज्य पाडायचं होतं? या ओळीवर टीकाकारांनी अक्षरशः डोकी फोडून घेतलीत). सैनिक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आले आणि विचारलं आम्ही काय करावं, तर तो म्हणाला लोकांना लुबाडू नका, पगारावर समाधान माना. नोकरी सोडा असं काही म्हणाला नाही. आणि सुरुवातीचा मोठा प्रचारक पौल, त्याचं रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय, राज्यकर्ता तलवार उगाच बाळगत नाही, तो देवाचाच सेवक आहे. ही ओळ नंतर प्रत्येक राजाने तोंडपाठ करून ठेवली. जुन्या करारातल्या लढायांचं तर विचारूच नका.

म्हणजे पुस्तक उघडून एका फटक्यात निकाल लागत नाही. मग सुरुवातीच्या लोकांनी काय केलं? पहिली अडीचशे-तीनशे वर्षं चर्चमधले जे लिहिणारे होते, तेर्तुलियन, ओरिजेन वगैरे, ते बहुतेक सगळे रक्त सांडायच्या विरोधात. तेर्तुलियन म्हणतो पेत्राच्या हातातली तलवार काढून घेतली तेव्हाच प्रभूने प्रत्येक शिपायाचा पट्टा सोडवला. पण प्रत्यक्षात ख्रिश्चन सैन्यात होतेसुद्धा. २९५ साली उत्तर आफ्रिकेत, आज जिथे अल्जीरिया आहे तिथे, मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला भरतीसाठी उभं केलं, उंची मोजली, तो म्हणे मी ख्रिस्ती आहे, मला शिपाई होता येणार नाही. अधिकारी म्हणाला अरे खुद्द बादशहाच्या पहाऱ्यावर ख्रिश्चन शिपाई आहेत, ते कसे करतात नोकरी? पोराचं उत्तर असं की त्यांचं ते जाणोत, मी वाईट करू शकत नाही. त्याच दिवशी मुंडकं उडवलं. मला या गोष्टीत त्या अधिकाऱ्याचा प्रश्न फार खरा वाटतो, कारण तो काही राक्षस नाही, त्याला खरंच कळत नाहीये की एकाच धर्माची दोन माणसं, एक पहाऱ्यावर उभा आणि एक मरायला तयार, असं कसं.

त्याच काळात अजून एक आक्षेप होता, जो आमच्या काकांनी दुसऱ्या नंबरवर टाकला. सेल्सस नावाचा एक ग्रीक विचारवंत म्हणाला होता, सगळेच तुमच्यासारखे वागले तर बादशहा एकटा पडेल आणि रानटी टोळ्या येऊन सगळं घेऊन जातील, तुमच्या धर्मासकट. काकांच्या शब्दांत, "बॉर्डरवर दुसरा कोणी उभा आहे म्हणून तुमची शांती." सत्तरेक वर्षांनी ओरिजेनने याला उत्तर दिलं की तुमचे पुजारी हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून लढत नाहीत ना, मग आम्ही सगळेच पुजारी समजा, आम्ही प्रार्थनेने लढतो. उत्तर सुंदर आहे पण मला विचाराल तर पूर्ण नाही, कारण पुजारी लढत नाही तेव्हा त्याच्या वाटचा दुसरा कोणी लढतच असतो.

आणि मग पारडंच फिरलं. ३१२ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टँटाइनने लढाई जिंकली आणि श्रेय ख्रिस्ताला दिलं, पुढच्या वर्षी छळ थांबला, ३८० पर्यंत ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला, आणि ४१६ मध्ये तर हुकूम निघाला की मूर्तिपूजकांना सरकारी नोकरीत आणि सैन्यात घ्यायचं नाही. मॅक्सिमिलियनला मरून सव्वाशे वर्षं झाली नव्हती हो.

या वळणावर दोन माणसं आहेत, मिलानचा बिशप अँब्रोज आणि त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला ऑगस्टीन, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची चावी यांच्याकडे आहे. लोक समजतात की यांनी 'स्वसंरक्षण चालतं' असं म्हणून येशूची शिकवण पातळ केली. तसं नाहीये, उलटं आहे. अँब्रोज म्हणतो अंगावर दरोडेखोर आला तरी ख्रिस्ती माणसाने स्वतःचा जीव वाचवायला उलटा वार करू नये. ऑगस्टीनचंही तेच मत, खाजगी माणसाने स्वतःसाठी जीव घेऊ नये. पण शेजाऱ्यावर वार होतोय, तू थांबवू शकतोस आणि थांबवत नाहीस, तर तू मारणाऱ्याइतकाच दोषी, हेही अँब्रोजच म्हणतो.

लक्षात आलं ना? माझा गाल मी पुढे करू शकते, तो माझा आहे. तुमचा गाल पुढे करायचा अधिकार मला कोणी दिला? डोंगरावरच्या प्रवचनात दोन माणसं आहेत, मारणारा आणि मार खाणारा. तिसरा माणूस आला, ते पोर, ती म्हातारी, तो शेजारचा दुसऱ्या धर्माचा माणूस, की प्रवचन गप्प होतं आणि तिथून पुढचा सगळा वाद सुरू होतो. आपल्याकडे एकनाथांची गोष्ट आहेच, अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत आंघोळ करून येत राहिले, आणि आपल्याकडेच नाठाळाच्या माथी काठीही आहे, दोन्ही आपण एकाच जिभेने सांगतो आणि त्यात आपल्याला काही विसंगती वाटत नाही, कारण थुंकी नाथांच्या अंगावर पडत होती. दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडत असती तर नाथांनी काय केलं असतं, हा खरा प्रश्न.

ऑगस्टीनने जे दार किलकिलं उघडलं त्यावर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने पाटी लावली, न्याय्य युद्धाच्या अटी: युद्ध पुकारणारा अधिकृत सत्ताधारी हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. पुढच्यांनी आणखी अटी घातल्या, दुसरा उपाय उरलेला नको, नुकसान फायद्यापेक्षा जास्त नको, नागरिकांना मारायचं नाही. आज कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्चं याच मताची आहेत, आपल्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज काढणारे प्रेस्बिटेरियन मिशनरीसुद्धा काही शांतिवादी नव्हते, आणि महूचं तर काय, १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, पुढच्या वर्षी मंदसौरचा तह झाला, छावणी बसली आणि छावणीमागून शिपायांसाठी चर्च आलं. पण गंमत अशी की या अटी खरोखर प्रामाणिकपणे लावल्या तर आजचं कुठलं युद्ध पास होईल? शहरांवर बॉम्ब पडतात तिथे नागरिकांना न मारायची अट कशी पाळणार? पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये लिहिलं की जुन्या कसोट्यांवर युद्धाला न्याय्य म्हणणं आता फार कठीण झालंय. म्हणजे शांतिवादी आणि न्याय्य युद्धवाले जितके लांब वाटतात तितके राहिलेले नाहीत, निदान कागदावर तरी.

जे या वाटेने गेले नाहीत ते लोक सोळाव्या शतकात पुन्हा दिसतात. १५२५ मध्ये झ्युरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की बाप्तिस्मा मोठ्या माणसाने समजून उमजून घ्यायचा, म्हणून त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, म्हणायला लागले. १५२७ मध्ये त्यांनी लिहून काढलं की तलवार सरकारसाठी असेल, ख्रिस्ताच्या माणसासाठी नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना मारत होते, पण यांना दोघंही मारत होते. यांच्यातल्याच एका गटाने १५३४ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन तलवार चालवली आणि भयानक प्रकार झाले, ते बघून मेन्नो सिमन्स नावाचा डच पाद्री उरलेल्यांना एकत्र करून पुन्हा अहिंसेकडे घेऊन आला, तेच मेनोनाइट.

त्यांच्यातल्या डिर्क विलेम्सची गोष्ट जरा सावकाश सांगते. हॉलंडमधलं आस्परेन गाव, १५६९. गुन्हा काय तर पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्यांनाही आपल्या घरात घेऊ दिला. कोठडीतून चिंध्यांना गाठी मारून केलेल्या दोरीने खाली उतरला आणि पळाला. थंडीचे दिवस, समोर पाणी, वर पातळ बर्फ. डिर्क तुरुंगातलं खाऊन वाळलेला, त्यामुळे बर्फावरून कसाबसा पार झाला, मागून धावणारा शिपाई मात्र चांगला खातापिता, बर्फ फुटला आणि तो आत गेला. डिर्क पलीकडच्या काठावर होता, सुटलेला. तो मागे फिरला, हात दिला आणि त्या शिपायाला ओढून बाहेर काढलं. शिपाई म्हणाला याला सोडून देऊ या, पण काठावरून नगराध्यक्ष ओरडला की तुझी शपथ आठव, आणि त्याच शिपायाने त्याला धरलं. १६ मे रोजी जिवंत जाळलं, आणि वारा असा सुटला की ज्वाळा वरच्या अंगापासून लांब जात राहिल्या, मरायला खूप वेळ लागला. मेनोनाइट घरांत ही गोष्ट पोरांना सांगतात. इथे लक्षात घ्या, डिर्कने फक्त 'मारलं नाही' एवढंच नाहीये, न मारणं तर फुकटात झालं असतं, बर्फच काम करत होता. तो धोका पत्करून परत गेला. या लोकांच्या हिशेबात नुसतं हात बांधून बसणं म्हणजे शांतिवाद नव्हेच.

मेनोनाइट, पुढच्या शतकातले इंग्लंडचे क्वेकर, आणि १७०८ मध्ये जर्मनीत सुरू झालेले ब्रेदरन, या तिघांना मिळून 'पीस चर्च' म्हणतात. तुम्ही म्हणाल हे कुठले लांबचे लोक, तर नाही, क्वेकर आले आपल्या शेजारी होशंगाबादला (आता नर्मदापुरम म्हणायचं), रसूलियाला त्यांचं केंद्र, १९७२ मध्ये तिथल्या सरकारी शाळांत विज्ञान शिकवायचा जो प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला त्यात हे केंद्र होतं. मेनोनाइट आले छत्तीसगडमध्ये धमतरीला, दुष्काळाच्या दिवसांत. ब्रेदरन आले गुजरातेत वलसाडला. म्हणजे तिन्ही पीस चर्च आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासात आणि आपल्याला पत्ता नाही.

आता इंदूरचंच उदाहरण, कारण शांतिवादावर बोलताना लोक हमखास ते देतात आणि मला वाटतं जरा घाईने देतात. सिस्टर रानी मारिया, केरळच्या, आपल्या बाजूला देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या, कर्ज, सावकारी, मजुरी, हे त्यांचे विषय, त्यामुळे काही लोकांच्या डोळ्यांत खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये एका माणसाने त्यांना सगळ्यांसमोर भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. आणि मग जे झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यांची सख्खी बहीण, त्याही सिस्टरच, २००२ च्या राखीला तुरुंगात गेल्या आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळला जाऊन त्यांच्या आईला भेटला, आणि आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचा मुका घेतला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरातच सिस्टर रानी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करायचा मोठा सोहळा झाला.

डोळ्यांत पाणी येतं, खरंच येतं. पण ही क्षमा आहे, आणि क्षमा झाल्यानंतरची गोष्ट आहे. शांतिवादाचा प्रश्न त्याच्या आधीचा, त्या बसमधला आहे. समजा तुम्ही त्या बसमध्ये दोन सीट मागे बसलाय. उठून त्या माणसाचा हात पिरगाळला, त्याला खाली पाडून चौघांनी वर बसून दाबून धरलं, तर ती हिंसा का? जवळजवळ कुठलाच शांतिवादी याला हिंसा म्हणणार नाही, म्हटलं तरी करेल. त्याच्या डोक्यात लोखंडी रॉड घातला तर? तो मेला तर? इथे मात्र त्यांच्यातही फाटे फुटतात. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या अहिंसेबद्दल लिहिताना असाच फरक केलाय, बळ ऊर्जा म्हणून वापरणं वेगळं आणि बळ हिंसा म्हणून वापरणं वेगळं, आणि बुद्धाची अहिंसा म्हणजे प्रत्येक वेळी लावायचा आंधळा नियम नव्हे. आपला कायदासुद्धा स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठी बळ वापरू देतो, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ बघा, पण गरजेपेक्षा जास्त नाही.

तर काकांचा गुंडवाला प्रश्न म्हणजे हा बसमधला प्रश्न झाला, आणि त्यातले दोन धागे आता वेगळे करता येतात. बसमध्ये मारणारा कोण ते दिसतंय, मार खाणारा दिसतोय, तुम्ही कोणाला थांबवताय ते स्पष्ट आहे, आणि काम झालं की सगळे पोलिसांकडे जाणार. युद्धात यातलं काहीच नसतं. युद्धात गुंडाच्या गावातल्या भलत्याच माणसाच्या पोराला मारायचं असतं, वरून आलेल्या हुकमाने, आणि तो हुकूम बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार तुमचा नसतो. 'आईला वाचवशील का' याचं उत्तर हो असलं म्हणून 'त्या शहरावर बॉम्ब टाकशील का' याचं उत्तर आपोआप हो होत नाही. ट्रायब्युनलमधले साहेब हा पूल गुपचूप ओलांडून जायचे.

पण शांतिवाद्यांनाही इथे सुटका नाही, कारण दुसरं महायुद्ध मध्ये येतं. डीट्रिश बोनहोफर, जर्मन पाद्री, तिशीच्या आत पक्का शांतिवादी, १९३४ मध्ये गांधीजींना भेटायला भारतात यायची तयारी चालली होती, आश्रमाचं बोलावणंही आलं होतं, ते राहिलं. पुढे हाच माणूस हिटलरला मारायच्या कटातल्या लोकांबरोबर काम करायला लागला. १९४३ मध्ये अटक, ९ एप्रिल १९४५ ला फाशी, युद्ध संपायला महिना राहिला असताना. त्याच्याबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हे करणं बरोबर आहे असा दाखला त्याने स्वतःला दिला नाही. त्याचं म्हणणं असं की कधीकधी जबाबदार माणसाला दोष अंगावर घ्यावा लागतो आणि दोषी म्हणूनच देवापुढे उभं राहावं लागतं. हात स्वच्छ ठेवायचा हट्ट हाही एक स्वार्थच होऊ शकतो. (तो शेवटपर्यंत शांतिवादी होता की नव्हता यावर अभ्यासक अजून भांडतायत.)

त्याच वर्षांत फ्रान्सच्या डोंगरातलं ले शांबों गाव. पाद्री आंद्रे त्रोक्मे, शांतिवादी, त्याने आणि आसपासच्या खेड्यांनी हजारो लोकांना लपवलं, बहुतेक ज्यू, त्यात पोरं कितीतरी, घरांत, शाळांत, गोठ्यांत. खोटी ओळखपत्रं बनवली, पोलिसांची गाडी आली की माणसं रानात. त्याच्या नात्यातला दानिएल मुलांबरोबर पकडला गेला आणि मायदानेकच्या छळछावणीत मेला. बंदूक न उचलता तिसऱ्या माणसाचा गाल वाचवता येतो याचं याच्याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. पण छावण्यांचे दरवाजे शेवटी फौजांनीच उघडले, हेही तितकंच खरं, आणि अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रायनहोल्ड नीबर, जो स्वतः आधी शांतिवादी संघटनेत होता, तो १९४० मध्ये हेच सांगत होता की पाप करणाऱ्या जगात प्रेम पुरत नाही, न्याय राखायला बळ लागतं.

अमेरिकेत त्या वेळी नकार देणाऱ्यांना जंगलात, वेड्यांच्या इस्पितळांत कामाला लावलं. त्यातल्या ३६ जणांनी मिनेसोटा विद्यापीठात स्वतःला उपाशी ठेवायचा प्रयोग अंगावर घेतला, सहा महिने अर्धपोटी, वजन चौथ्या हिश्शाने घटलं, कशासाठी तर युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे डॉक्टरांना कळावं म्हणून. त्यांना भित्रे म्हणत होते लोक.

एक कडू गोष्ट टाळता येत नाही म्हणून सांगते. विसाव्या शतकात मेनोनाइट शांतिवाद जगाच्या विद्यापीठांत नेऊन बसवणारा माणूस म्हणजे जॉन हॉवर्ड योडर. गुंडवाल्या प्रश्नावर त्याने जे लिहिलंय ते खरंच तीक्ष्ण आहे, की हा प्रश्न विचारणारा आधीच गृहीत धरतो की मला पुढे काय होणार ते माहीत आहे, मी मारलं तरच आई वाचेल, माझा वार चुकणार नाही, आणि तिसरा मार्गच नाही. आणि याच माणसाने वर्षानुवर्षं कितीतरी बायकांचा लैंगिक छळ केला, आणि त्याच्या संस्थेने ते दाबून ठेवलं, जाहीर माफी २०१५ मध्ये मागितली, तो मेल्यावर सतरा वर्षांनी. त्या बायकांना 'क्षमा करा, समेट करा' हेच ऐकावं लागलं. दुसऱ्याला गाल पुढे करायला सांगणं किती सोपं असतं, आणि सांगणारा कोण आहे ते बघणं किती गरजेचं असतं, हे मला कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा या प्रकरणातून जास्त कळलं.

माझं मत विचाराल तर मी शांतिवादी नाही, त्या बसमध्ये मी रॉड उचलला असता असं मला वाटतं, निदान तेवढी हिंमत असावी असं तरी वाटतं. पण उत्तर द्यायची जबाबदारी आपण नेहमी हत्यार न उचलणाऱ्यावर टाकतो, ती मला उलटी वाटते. उचलणाऱ्याने सांगावं ना, की दुसरं काय काय करून पाहिलं.

आणि ज्यांच्यावर ही वेळ खरोखर आली त्यांचं काय झालं ते बघायचं तर युक्रेनच्या मेनोनाइटांकडे बघा. शंभराहून जास्त वर्षं तिथे सुखात, मोठ्या जमिनी, गिरण्या, घरात राबायला आसपासच्या गावचे गरीब लोक. मग रशियन क्रांती, यादवी, आणि माख्नो नावाच्या अराजकवादी बंडखोराच्या टोळ्या गावांत शिरायला लागल्या, खून, बलात्कार, लूट. १९१८ मध्ये चर्चची मोठी सभा भरली, आता काय करायचं, आणि ठरलं की ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. चारशे वर्षांच्या परंपरेतल्या तरुण पोरांनी जर्मन सैन्याकडून बंदुका घेतल्या आणि गावरक्षक दल उभं केलं. काही महिने काही गावं वाचलीही. पण त्याने ते यादवीतला एक पक्ष झाले, आणि पुढच्या वर्षी सूड आणखी मोठा आला. १९१९ मध्ये आयखेनफेल्ड गावात आणि आसपास एका रात्रीत सत्तरहून जास्त लोक मारले गेले, त्यात तंबू टाकून प्रवचन करत फिरणारे निःशस्त्र प्रचारकही होते. नंतर त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी म्हटलं की बंदूक धरणं चूक होती, श्रद्धेच्या दृष्टीनेही आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही. दुसरे म्हणाले तुम्ही कॅनडाला सुखरूप पोचलात म्हणून हे बोलताय, आमच्या बहिणी त्या दलाने वाचवल्या. आणि काही थोडे असे होते जे म्हणाले की प्रश्न १९१८ मध्ये उशिरा विचारला, राबणाऱ्या शेजाऱ्यांना शंभर वर्षं जे दिलं नाही तेव्हाच तो विचारायला हवा होता. ही तिन्ही मतं त्यांच्या नातवंडांमध्ये आजही आहेत, एकाच चर्चमध्ये एकाच बाकावर बसून.